पहिला घोट

दिवा पेटला आणि पत्र्याच्या मांडवाखाली जमलेली सगळी टेकडी एका सुरात "आलेलुया!" म्हणून ओरडली. ना तेल, ना वात, ना काडी. भरदिवसा, म्हाताऱ्या निराबुकाराच्या ओंजळीत दिवा जळत होता आणि ती ढसाढसा रडत होती.

"हा होरेब पर्वतावरचा दिवा आहे!" प्रेषित एलियाकीम गरजला. त्याच्या टोकदार बुटांना रवांडातल्या लाल मातीचा कणही लागलेला नव्हता. "याच्या माथ्यावरचा काळा दगड बघा. देव मोशेशी बोलला तेव्हा हा तिथंच होता. निष्पाप माणसाच्या हातात पेटतो, पाप्याच्या हातात मुका होतो!"

मोशेच्या दगडाला प्लास्टिकची चौकट कुणी बसवली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. रांग लागली होती. माणसानं दिवा खालून दोन्ही हातांनी धरायचा, प्रेषितानं दगडावर रुंद पंजा ठेवून प्रार्थना पुटपुटायची, की दिवा पेटलाच. गाव एकामागून एक निष्पाप ठरत होतं. भांडखोर ठरत होते, शेजाऱ्याचा बांध कोरणारेही ठरत होते.

रांगेच्या शेवटी शाळेतली मास्तरीण कॉन्सोलाता उभी होती. हा सगळा मांडव आपल्यासाठीच घातलाय, हे तिला पक्कं कळत होतं.

नवरा आजारानं गेला आणि डोंगरमाथ्यावरचा तुकडा तिच्या नावावर आला. दिवसभर ऊन खाणारी तेवढीच जागा. बाकी टेकडी पायथ्यापासून वरपर्यंत घेवड्यानं, केळींनी आणि घरांनी भरलेली, पाय ठेवायला मोकळी जमीन नाही. म्हणून गावाच्या सहकारी संस्थेनं तिच्या तुकड्यावर उंच खांब रोवून सौर पट्ट्या बसवायचं ठरवलं होतं. वर वीज, खाली घेवडा. दवाखान्यात बाळंतपणं टॉर्चच्या उजेडात व्हायची ती थांबणार होती. तुकड्यावर डोळा होता तो धाकट्या दिराचा, गासानाचा. आणि प्रेषिताला टेकडीवर आणलं होतं तेही गासानानंच.

"ही बाई तुमच्या डोक्यावर काय आणतेय?" प्रेषितानं विचारलं. "उमुरिरो!"

लोक चरकले. त्यांच्या भाषेत विजेलाही उमुरिरो म्हणतात, आगीलाही, आणि नरकातल्या आगीलाही. कालपर्यंत हा शब्द ऐकला की मोबाइल चार्ज करायचा विचार मनात यायचा. आज पोरांना पोटाशी धरलं गेलं.

"नवऱ्याला विष घालून मारलं, आता टेकडीला आग लावतेय," गासाना हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू.

कॉन्सोलाताला पुढचं सगळं दिसलं. विषारी बाई असा शिक्का बसला की संपलं. तिच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही, तिच्या वर्गात कुणी मूल पाठवणार नाही. पळायचं तरी कुठं? पुढच्या टेकडीवरही घराला घर लागलेलं, आणि बातमी तिच्या आधी तिथं पोचणार. मागं वळून पाहावं तर माणसांची भिंत.

"या, वहिनी," गासाना म्हणाला.

तिनं दिवा धरला. प्रेषित दोन पावलं मागं सरकला. "हिच्यावर मी हात ठेवणार नाही! देवच सांगेल."

दिवा मुका.

"विषारी! विषारी!" मांडव दणाणला. सासूनं, निराबुकारानं, पदर तोंडावर घेतला.

"संध्याकाळच्या आत टेकडी सोडा, वहिनी," गासाना म्हणाला.

कॉन्सोलाताचं डोकं मात्र जागेवर होतं. मघाशी सासूबाई दिव्याला ओठ टेकवायला वाकल्या, तेव्हा प्रेषिताचा पंजा पोचायच्या आधीच दिवा पेटला होता. तेव्हा वाकलेल्या डोक्याची सावली त्या दगडावर पडली होती!

"सेबुहोरोबाबा," तिनं गावप्रमुखाला हाक मारली, "आपल्याकडे पाहुण्यापुढं ज्वारीच्या बिअरनं भरलेला भोपळा ठेवला तर पहिला घोट कुणाचा?"

"देणाऱ्याचा," म्हातारा म्हणाला. "विष नाही हे दिसायला नको?"

"मग हा दिवा मला प्रेषितांनी दिलाय. पहिला घोट त्यांचा. मी धरला तसाच धरायचा, दोन्ही हात खाली."

"देवाची परीक्षा पाहू नये!" एलियाकीम किंचाळला.

"देवाची कोण पाहतंय?" सेबुहोरो म्हणाला. "तुमची पाहतोय. धरा."

प्रेषितानं धरला. दिवा मुका. त्याचा पंजा वर सरकू लागला तसा सेबुहोरोनं तो धरून खाली आणला. मागून एक बाई फिसकन हसली, "अगंबाई, हाही विषारी निघाला!"

कॉन्सोलातानं डोक्याचा रुमाल सोडला आणि काळ्या दगडावर टाकला. दिवा लख्ख पेटला. रुमाल काढला, विझला. पुन्हा टाकला, पेटला.

"हा दगड नाही, इवलीशी सौर पट्टी आहे," ती म्हणाली. "उन्हात आतली बॅटरी भरते. पट्टीवर अंधार पडला की दिव्याला वाटतं रात्र झाली, आणि तो लागतो. शहरातल्या हॉटेलांच्या बागेत असे दिवे रांगेनं उभे असतात. मला पापी ठरवायला यांना एवढंच करायचं होतं, हात बाजूला घ्यायचा. आणि ज्या उमुरिरोला तुम्ही घाबरलात, ती यांच्याच दिव्यात होती!"

मग काय विचारता! मघाचे निष्पाप एकेक करून दिव्यावर हात ठेवायला धावले. एलियाकीमच्या बुटांना अखेर लाल माती लागली, कारण सेबुहोरो त्याला दंडाला धरून उतारावरून पोलिसांकडे घेऊन निघाला. गासानाकडे कुणी पाहत नव्हतं. कॉन्सोलाता तेवढी पाहत होती, आणि त्याला मान वर करवेना.

संध्याकाळी निराबुकारा सुनेच्या दारात आली. उंबऱ्यावर बसली. कॉन्सोलातानं ज्वारीच्या बिअरचा भोपळा पुढं ठेवला आणि त्यातली प्यायची नळी स्वतःच्या ओठांकडे नेली, तशी म्हातारीनं तिचा हात धरला.

"नको गं, पोरी. तू नको घोट घेऊस. आता मी तुझी परीक्षा घेणार नाही. तशीच पिते."

"नाही, आत्याबाई," कॉन्सोलाता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आधी मीच घेणार. पारखून घेण्यात कुणाचा अपमान नसतो. मला पारखा, आणि उद्या देवाचं नाव घेऊन कुणी काही हातात दिलं, तर त्यालाही सांगा, आधी तू घे."

तिनं घोट घेतला आणि नळी सासूकडे दिली.