पाठ असलेला तक्ता

आमच्या होबाईची शेवटची परीक्षा माझ्यामुळे बुडायच्या बेतात होती, हे आधीच कबूल करते. नंतर कुणी म्हणायला नको, मावशीने लपवलं.

होबाई म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. कुणी काहीही म्हणो, हिचं उत्तर 'हो', म्हणून हे नाव. विद्यापीठात डोळे तपासायचं शिकते आणि माझ्याकडे राहते. माझं चष्म्यांचं दुकान. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, सगळं मी एकटीच करते. ती दुसऱ्या वर्षाला असताना माझं मनगट मोडलं. ही बया मला न विचारता चार महिने दुकानात बसली आणि तिचं अख्खं वर्ष पाण्यात गेलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी मनाशी ठरवलं, आता हिचं शिक्षण संपेपर्यंत आजारी पडायचं नाही. पडलेच तर सांगायचं नाही.

म्हणून दीड वर्षापूर्वी डाव्या डोळ्यापुढे धुरकट दिसायला लागलं, तेव्हा मी मूग गिळून बसले. उजवा डोळा धड होता. बारीक स्क्रू बोटांनी चाचपून बसवायचे. होबाई सरावासाठी दुकानातल्या तक्त्यावर माझी नजर तपासायची, त्याचीही मला काळजी नव्हती. तो तक्ता मी सत्तावीस वर्षं रोज पुसतेय. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

गेल्या वर्षी ती प्रात्यक्षिकात नापास झाली. एक आजोबा म्हणाले, "स्वच्छ दिसतंय," आणि हिने तसंच लिहिलं. त्यांना धड भिंतसुद्धा दिसत नव्हती! परीक्षक म्हणाले, "पेशंट सांगेल ते उतरवून घ्यायला कारकून पुरतो." यंदा डोळ्यांच्या एका हॉस्पिटलने तिची नेमणूक पक्की केली होती, पण पास झाली तर. नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

परीक्षेला प्रत्येकाने एक पेशंट आणायचा असतो. तिने आमच्या इमारतीच्या लिफ्टमनला सांगून ठेवलं होतं आणि त्या भल्या माणसाने ऐनवेळी दांडी मारली. मी तिला सोडायला गेले होते. बाकीच्या मुलांचे पेशंट रांगेने बसलेले आणि ही दारात रडवेली उभी.

"मी बसते," म्हटलं.

"बसशील? खरंच?"

"अगं, खुर्चीतच बसायचंय ना!"

खोलीत पाहते तर काय, भिंतीवर हुबेहूब माझ्याच दुकानातला तक्ता. मी निर्धास्त झाले. कोपऱ्यात परीक्षक वही घेऊन बसले होते. होबाई म्हणाली, "तुम्ही उजवा डोळा झाका." जन्मात पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणाली. मला हसूच आलं. डाव्या डोळ्याने मी वरपासून खालपर्यंत तक्ता घडाघडा म्हणून टाकला. दिसत मात्र काही नव्हतं.

मग तिने दिवा मंद केला आणि एका उपकरणातून डोळ्यात उजेड टाकला. उजव्यात पाहिलं. डाव्यात पाहिलं. डाव्यात पुन्हा पाहिलं. तिचा श्वास थांबलेला मला कळला.

"डोळे मिटून बसा जरा," ती म्हणाली. कपाटाचं दार वाजलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आता पुन्हा उजवा झाका आणि वाचा."

मी पुन्हा सगळा तक्ता म्हटला. आधीपेक्षा जास्त झोकात.

"हात काढा," ती म्हणाली.

हात काढला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीवर दुसराच तक्ता होता. त्यावर एकही अक्षर नव्हतं, सगळे आकडे!

"तुम्ही वाचत नाही आहात," होबाई म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबली नाही. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. बराच वाढलाय."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "या तुमच्या कोण?"

"मावशी."

"मावशीचं खोटं पकडलंत?"

"पेशंटचं, सर," ती म्हणाली आणि मग मात्र डोळे पुसायला लागली.

बाहेर आल्याबरोबर मी सुटलेच. "झालं समाधान? आता बस पुन्हा माझ्या दुकानात! नोकरी गेली खड्ड्यात!" रागाने बोलत होते, पण खरं सांगते, मला भीतीच वाटत होती.

"नाही बसणार," ती म्हणाली.

होबाईच्या तोंडून 'नाही'!

"ऑपरेशन होऊन तू बरी होईपर्यंत दुकान बंद राहील. पाटी मी लिहून लावते. नोकरी मिळाली तर पहिल्या तारखेला मी हॉस्पिटलात हजर होणार आणि तुला घेऊनच जाणार. दीड वर्ष मला फसवलंस, मावशी. रोज समोर बसून."

"तुझ्यासाठीच ना गं."

"माहितेय. म्हणूनच जास्त राग आलाय."

संध्याकाळी निकाल लागला. पास.

ऑपरेशननंतर महिन्याने हॉस्पिटलातल्या तिच्या खोलीत तपासणीला गेले. तासभर रांगेत बसवलं मला, सख्ख्या मावशीला! आत गेले तर पांढऱ्या कोटात उभी. मी उजवा डोळा झाकला आणि तक्त्याकडे बघायच्या आधी तिच्या खिशावरच्या बिल्ल्याकडे बघितलं. बारीक अक्षरं होती. 'नेत्र तपासनीस.' मी मोठ्याने वाचलं.

"ते नाही विचारलं," ती म्हणाली. नाक लाल झालं होतं तिचं. "तक्ता वाचा."

तक्ता नवीन होता, मी कधी न पुसलेला. शेवटच्या ओळीत दोन अक्षरं चुकली. तिने काही भीडभाड न ठेवता दोन चुका लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.