वेस्कॉट गावची पांढरी बस

मी वेस्कॉट गावची पांढरी बस बोलतेय. आता माझी चाकं बसली आहेत, काचेवर धूळ आहे, आणि उद्या मला न्यायला भंगारवाला येणार आहे. म्हणून आजच बोलून घेते.

माझा जन्म कॅन्ससमधल्या एका कारखान्यात झाला. चौदा आसनं आणि मागच्या दाराशी चाकाची खुर्ची वर उचलून घेणारी लिफ्ट, एवढाच माझा थाट. ओक्लाहोमातल्या वेस्कॉट गावाने मला म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी घेतलं. मला चालवायला व्हर्लीन टकेट आली. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची बाई. ब्रेक दाबताना "सॉरी गं" म्हणायची. मला वाटायचं प्रवाशांना म्हणते. पुढे कळलं, मला म्हणायची.

नव्या प्रवाशाला ती माझी ओळख करून द्यायची. "वेस्कॉटमध्ये कुणी डॉलरभराची वस्तू घेतली की त्यावर तीन सेंट गावाच्या तिजोरीत जातात. फ्रीज घ्या, चड्डी घ्या, नाहीतर आइस्क्रीम घ्या. त्यावरच पोलीस, बंब, वाचनालय आणि आपली ही बाई चालते. तेव्हा पोटभर आइस्क्रीम खा!"

सगळे हसायचे. मीही मनात हसायचे. दुसऱ्याच्या आइस्क्रीमवर आपण चालतो, यात तेव्हा मला नुसती गंमत वाटायची.

सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे साडेपाचला मी हॉइट प्रुइटच्या दाराशी उभी राहायचे. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस जन्मभर विहिरी खोदत आला होता. आता त्याच्या किडन्यांनी काम सोडलं होतं. शेजारच्या मर्विन शहरात यंत्रावर त्याचं रक्त शुद्ध करून घ्यायचं, नाहीतर आठवडाभरात खेळ खलास. जाताना तो बडबड करायचा. येताना काचेला डोकं टेकून गप्प असायचा, आणि व्हर्लीन खड्डे चुकवत मला हळू आणायची.

गुरुवारी मात्र जत्रा असायची. मर्विनच्या हद्दीत, हमरस्त्यावर एक अवाढव्य दुकान होतं. तिथे सगळे खरेदीला निघायचे. पुढारीण लिओटा बार्नहिल. चाळीस वर्षं गावच्या शाळेत गणित शिकवलेली बाई. अख्खं गाव तिला लिओटाबाई म्हणायचं आणि तिच्यासमोर अजूनही ताठ बसायचं.

दोन हजार आठ सालच्या नोव्हेंबरात गावाबाहेरच्या वातानुकूलन यंत्रांच्या कारखान्याने दोनशे चाळीस माणसांना घरी पाठवलं. त्यात व्हर्लीनचा नवरा डेलही होता. सव्वीस वर्षं यंत्रं जुळवणाऱ्यांच्या एकाच ओळीत उभा राहून स्क्रू आवळलेला माणूस.

त्यानंतर गाव कसं बदललं ते मी माझ्या काचेतून पाहिलं. माणसं जेवायची थांबली नाहीत. पण जुना सोफा आणखी वर्षभर चालेल, असं घरोघरी ठरलं. गळणाऱ्या फ्रीजखाली पातेलं आलं. फर्निचरच्या दुकानाने आधी 'सेल' लावला, मग 'मोठा सेल', मग काचेवर आतून कागद. राज्याकडून गावाला कराचा वाटा यायचा तो दोन महिने उशिराने, त्यामुळे नगरपालिकेला धक्का बसला तो जानेवारीत. वाचनालय शुक्रवारी बंद राहू लागलं. बंबावरचा एक माणूस निवृत्त झाला, त्याची जागा भरलीच नाही. मग माझी पाळी आली.

मार्चमधल्या एका गुरुवारी नगरपालिकेचा व्यवस्थापक कर्टिस लेडबेटर माझ्यात चढला. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. बंद करण्याआधी बस एकदा पाहावी म्हणून आला होता. तसं त्याने सांगितलं नाही, पण वही पाहून सगळ्यांनी ओळखलं.

"कर्टिस," लिओटाबाई म्हणाल्या, "आम्हाला मोजायला आलायस? मोज. भागाकार तेवढा मला दाखवून घे. तुला तो शाळेतही जमत नव्हता."

बस खदखदली. कर्टिस कानापर्यंत लाल झाला, पण रागावला नाही. परतीच्या वाटेवर तो आसनांमधल्या पिशव्यांकडे बघत राहिला. पीठ, मोजे, उशा, कुत्र्याचं खाणं. शेवटी न राहवून बोललाच.

"बाई, एक सांगू? या सगळ्या पिशव्यांचा कर मर्विनला गेला. वेस्कॉटच्या वाट्याला एक सेंटही नाही."

हॉइट त्या दिवशी मोजे घ्यायला आला होता. त्याने ते मांडीखाली सरकवले.

"म्हणजे," लिओटाबाई सावकाश म्हणाल्या, "गेली सहा वर्षं दर गुरुवारी याच बसमध्ये बसून आम्ही हिचंच पोट मारत होतो?"

"तसं मी म्हणणार नाही, बाई."

"तू नको म्हणूस. मी म्हणतेय. चाळीस वर्षं गणित शिकवलं आणि एवढी साधी वजाबाकी मला दिसली नाही."

खरं सांगते, त्यात मीही आलेच. नेणारी तर मीच होते.

पुढच्या गुरुवारपासून आम्ही गावातल्या बर्नीच्या दुकानापुढे थांबू लागलो. अंडी महाग, मोजे एकाच रंगाचे, आणि बर्नीचा रेडिओ कान किटवणारा. हॉइट कुरकुरायचा, "या भावात कोंबडीसुद्धा आली पाहिजे." पण घ्यायचा. बर्नी स्वतः पिशव्या माझ्यापर्यंत आणून द्यायचा.

दोन महिन्यांनी कर्टिस नगरपालिकेच्या आवारात, माझ्या मुक्कामाच्या जागी आला. पाण्याच्या टाकीखाली व्हर्लीन माझं तेल पाहत होती.

"तुमची गुरुवारची खरेदी कागदावर दिसते, व्हर्लीन. खरंच दिसते."

"मग?"

"महिन्यातल्या दोन दिवसांचं डिझेल निघतं त्यातून." त्याने टोपी काढली. "दोनशे चाळीस पगार गेलेत. चौदा म्हाताऱ्यांनी किती अंडी खायची?"

एकच वाट उरली होती. कर अर्ध्या सेंटने वाढवायचा, आणि तो वाढवायचा तर गावाचं मत घ्यायचं. लिओटाबाई काठी टेकत दारोदार फिरल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मतदान झालं. एकतीस मतांनी ठराव पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हर्लीन माझ्यात झाडू मारत असताना डेल आला आणि पहिल्याच आसनावर बसला.

"मी नको म्हणून मत दिलं, व्हर्लीन."

झाडू थांबला. "काय म्हणालास?"

"मला वाटलं, कर्टिस उगाच घाबरवतोय. बस काही बंद करणार नाहीत." तो नखाने आसनाची शिवण उकरू लागला. "कारखान्याने मला काही विचारलं नव्हतं गं. बँकेने नाही विचारलं. इथे पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, आणखी देणार का? आणि मी नाही म्हणून मोकळा झालो. बरं वाटलं. गाडीपर्यंत जाईस्तोवर बरं वाटलं."

"माझी नोकरी होती ती, डेल."

"माहितेय."

ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "उठ. मला बस धुवायची आहे." डेल उठला, नळाखाली बादली लावली आणि मला धुऊ लागला. दोघं दोन बाजूंनी घासत होती. माझ्या अल्याडपल्याड उभी, एकमेकांना न दिसणारी.

जूनच्या शेवटच्या सोमवारी माझी शेवटची फेरी झाली. हॉइटला दारात सोडताना व्हर्लीनने विचारलं, "परवा कसे जाल?" तो म्हणाला, "बघू." हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय, पण त्या दिवशीइतका हलका आवाज कधी ऐकला नव्हता.

बुधवारी उजाडायच्या सुमारास आवारात एक ट्रक शिरला. डेल चालवत होता, आणि शेजारी हॉइट. धापा टाकत होता.

"चढताना दोघांची फेफे उडाली," डेल म्हणाला. "तिथे उतरणार कसे तुम्ही? थांबा, बसमध्ये व्हर्लीनची लाकडी पायरी असेल."

त्याने माझं दार हातांनी ढकलून उघडलं, आसनामागून पायरी काढली आणि ट्रकमध्ये टाकली. पण गाडी सुरू करेना.

"हॉइट, निघायच्या आधी तुम्हाला एक सांगतो. मग बसायचं नसेल तर घरी सोडतो. मी त्या कराच्या विरोधात मत दिलं होतं."

टाकीवर कबुतरं बसली होती.

"मीही," हॉइट म्हणाला.

डेल वळलाच. "तुम्ही? अहो, तुमचा तर जीव अडकला होता त्यात!"

"माझी मुलगी जोनी तुझ्याच कारखान्यात होती ना. तीन पोरं तिला. दूध, पाव, साबण, सगळ्यावर तो अर्धा सेंट बसणार होता. मत द्यायला उभा राहिलो आणि डोळ्यापुढे तिची टोपली आली. मग 'हो'वर खूण करायला हातच उठला नाही." त्याने पट्टा ओढून घेतला. "लिओटाबाईंना सांगू नकोस मात्र. दोघांनाही बाकावर उभं करतील."

डेल हसला. नोव्हेंबरनंतर मी त्याला हसताना प्रथमच पाहत होते. ट्रक आवाराबाहेर पडला आणि मर्विनच्या दिशेला वळला.

डेलने त्याला आठवड्यातून तीनदा असं नेलं. दोन हिवाळे नेलं. पुढे एका थंड सकाळी डेल दारात उभा राहिला आणि आतून कुणी आलं नाही. हॉइटच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांत डेल होता आणि कर्टिसही होता.

आता कारखान्याने निम्मी माणसं परत घेतली आहेत. फर्निचरच्या दुकानाच्या काचेवरचे कागद निघाले आहेत. मधली दोन वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासलेली व्हर्लीन गेल्या महिन्यापासून एक लहान गाडी चालवते. माझी लिफ्ट काढून त्या गाडीलाच बसवली आहे. लिफ्ट काढताना व्हर्लीनने माझ्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सॉरी गं."

मला कुणाचा राग नाही. कर्टिसचा नाही, डेलचा नाही, त्या एकतीस मतांचाही नाही. ज्यांनी मला बंद केलं त्यांच्याही घरी गळके फ्रीज होते, हे मी काचेतून पाहिलं होतं.

तुमच्या गावातली एखादी गाडी अशीच बंद पडली तर दोष कुणाचा ते सावकाश ठरवा. आधी एवढंच विचारा, की बुधवारी पहाटे कुणाला कुठे जायचं होतं, आणि तुमच्या शेजारच्या आसनावर जागा आहे का.

येते मी.