तमालपत्रावरची खवले कीड

सासूबाईंनी शाळेच्या खानावळीत एकवीस वर्षं स्वयंपाक केला. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात लुळा पडला, आणि त्याच सुमारास मागच्या अंगणातलं तमालपत्राचं झाडही आजारलं. पानं चिकट झाली, त्यांवर काजळी धरली, खोडावरची मुंग्यांची रांग हटेना. खाली वाळत घातलेल्या चादरींवर डाग पडू लागले, तसा माझा नवरा कुऱ्हाड शोधायला लागला.

"हात तर लाव, मग बघ!" सासूबाई अडखळत म्हणाल्या. आजारपणानंतरचं त्यांचं ते पहिलं सलग वाक्य.

मी एक डहाळी घेऊन रोपवाटिकेत गेले. तिथल्या मावशींनी पान उलटलं आणि शिरेलगतचा तपकिरी फोड नखानं खरवडला. तो टपकन निघाला.

"खवले कीड. रस पिते आणि चिकटा सोडते. पानं खाण्यात असतात ना? मग जहाल औषध नको. फार किडलेल्या फांद्या छाटा, बाकीची पानं साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं घासा. खोडाला चिकट पट्टी बांधा. मुंग्या त्या चिकट्यापायी किडीची राखण करतात."

"किती दिवस?"

"कंटाळा येईपर्यंत. आणि त्यापुढे महिनाभर."

नवऱ्यानं कुरकुरत छाटणी केली, पट्टी बांधली. मी पानं घासायला बसले, तर सासूबाई डाव्या हातानं स्टूल ओढत आल्या. व्यायामासाठी दिलेल्या रबरी चेंडूकडे त्या ढुंकूनही पाहत नव्हत्या, पोरखेळ म्हणायच्या. इथे मात्र त्यांनी डाव्या हातात पान धरलं आणि उजव्यात दात घासायचा जुना ब्रश.

पहिल्या दिवशी तीन पानं झाली आणि ब्रश अकरा वेळा पडला. अकराव्यांदा त्या रडल्या. "एवढाली पातेली एकटीनं उतरवायचे गं मी."

मी त्यांच्या हातातलं पान घेऊन उलटलं. मी म्हटलं, "आई, या कोपऱ्यात एक राहिलीय."

त्यांनी डोळे पुसले, चष्मा सारखा केला आणि पान माझ्याकडून ओढून घेतलं.

मग रोजचाच उद्योग झाला. कीड परत यायची, आम्ही परत घासायचो. मुख्याध्यापक गुपचूप दुसऱ्यांदा ताट घेऊन कसे रांगेत उभे राहायचे, हे त्या नकला करून सांगायच्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आम्ही दोघी इतकं कधी बोललो नव्हतो. पेन त्यांना अजून धरता येत नव्हतं. ब्रश मात्र दिवसातून एखाद्या वेळीच पडायचा.

दुसऱ्या महिन्यात शेंड्याला कोवळी पालवी फुटली. तिच्यावर एक काळा, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचा किडा फिरताना दिसला. मला वाटलं, ही आणखी एक नवी कीड. चिरडायला मी बोट पुढे केलं, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं. उजव्या हातानं.

"थांब. तो काय खातोय ते बघ आधी."

किडा खवले किडीची बारीक पिल्लं एकेक करून फस्त करत होता. ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी ती, असं मावशींनी नंतर सांगितलं.

"पोटभर जेवू दे त्याला," सासूबाई म्हणाल्या. मनगट सोडायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं, आणि मीही हलले नाही.