बारा नंबरच्या खोलीचा जबाब

सकाळी आठ वाजता सूर्यकांत रणनवरे बारा नंबरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून गालिचा घासत होते. रात्रीची उलटी वाळून धाग्यांत घट्ट बसली होती. ब्रश फिरवला की तिचा आंबूस वास पुन्हा जिवंत होई, आणि त्यात दारूचा, तळलेल्या मसाल्याचा आणि महागड्या अत्तराचा वास मिसळे. सत्तावन्न वर्षांच्या केअरटेकरचे हे काम नव्हे. पण सफाईच्या बाईंचा नवरात्राचा उपवास होता. बिचारीने दारातूनच नाकाला पदर लावलेला पाहून रणनवऱ्यांनी तिला परत पाठवले होते. "ही खोली मी बघतो," एवढेच ते म्हणाले होते.

खोलीचे पाहुणे न्हाऊन, कपाळाला टिळा लावून बैठकीला निघून गेले होते. एका सरकारी महामंडळाचे हे अतिथिगृह मध्य दिल्लीत होते. पाहुणे त्याच महामंडळाच्या संचालक मंडळावर होते, म्हणून सगळे त्यांना मेंबरसाहेब म्हणत. त्यांच्याच आग्रहावरून नऊ दिवस किचनमध्ये मांस-अंडी बंद असल्याची नोटीस खाली फळ्यावर लागली होती. रोज सकाळी फळांच्या ताटलीसमोर हात जोडलेला त्यांचा नवा फोटो कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर येई आणि त्याखाली नमस्कारांची रांग लागे. काल संध्याकाळी त्यांच्या ड्रायव्हरने दोन पार्सले वर नेली होती. त्यांतली हाडे आता कचऱ्याच्या बादलीत होती. काही चघळून पांढरी झालेली, काही अर्धवट सोडलेली, आणि त्यांच्यावर विझवलेल्या सिगारेटी.

वास सहन होईना म्हणून रणनवऱ्यांनी बादली पाच मिनिटे दाराबाहेर ठेवली. त्या पाच मिनिटांत जाणाऱ्या-येणाऱ्या कुणीतरी बादलीचा आणि दारावरच्या आकड्याचा फोटो काढला. दहा वाजेपर्यंत तो प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचला होता.

अकरा वाजता प्रशासन विभागाचे उपव्यवस्थापक सुधन्वा देवस्थळी यांनी त्यांना बोलावले. देवस्थळी चाळिशीचे, पुण्याचे, नेहमी ताज्या दाढीचे. चारचौघांत ते हिंदी बोलत. केबिनचे दार लावले की मराठी.

"बसा हो रणनवरे. चहा सांगू?"

"नको, सर."

"बघितलंत ना हे?" त्यांनी मोबाइल पुढे केला. "मेंबरसाहेब नऊ दिवस पाण्यावर, आणि त्यांच्या दारात तंगड्या! वरून दोनदा फोन आलाय. आज संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाहिजे."

"रिपोर्ट सोपा आहे, सर. पार्सल त्यांच्या ड्रायव्हरने आणलं. गेटच्या रजिस्टरमध्ये सात पन्नासची नोंद आहे."

"यार, रणनवरे." देवस्थळींनी डोळे मिटून घेतले. "ते रजिस्टर मागितलंय का कुणी?"

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. रणनवऱ्यांनी चष्मा लावला. मी, सूर्यकांत रणनवरे, माझ्या वाढदिवसानिमित्त घरून आणलेला सामिष डबा कामाच्या जागी खाल्ला व त्यातील उष्टे अनवधानाने बारा क्रमांकाच्या खोलीबाहेरील बादलीत टाकले.

"माझा वाढदिवस जूनमध्ये असतो, सर."

"मग लग्नाचा लिहू, त्यात काय! अहो, तुमच्यात नवरात्रात चालतं ना? मग तुम्हाला काय फरक पडतो? लोक म्हणतील, ख्रिश्चन माणूस, खाल्लं असेल. एक साधा मेमो देतो. महिन्याभरात फाइल बंद."

"आणि सही नाही केली तर?"

"तर किचन. आचारी इर्शाद." जेवणात काय आहे हे सांगावे तसे देवस्थळी म्हणाले. "त्याचं नाव आलं की पुढे कुणी प्रश्नसुद्धा विचारणार नाही. पण मग ते मेमोवर थांबेल का, तुम्हीच सांगा. दिवस कसे आहेत, बघताय ना? मलाही वाईट वाटेल, बिल्कुल. म्हणून तर तुम्हाला विचारतोय." मग त्यांना काहीतरी सुचले आणि चेहरा खुलला. "आणि तुम्हाला हे नवीन नाही हो. तुमचा येशू नाही का, सगळ्यांचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन गेला? त्या मानाने हा डबा म्हणजे किरकोळच!"

आपल्याच वाक्यावर ते हसले.

सकाळी गालिचा घासताना रणनवऱ्यांना ओकारी आली नव्हती. या थंडगार, सुगंधी केबिनमध्ये मात्र तोंडात आंबट पाणी भरून आले. बालपणी राहुरीच्या ख्रिस्ती देवळात आईच्या मांडीला टेकून जी गोष्ट ते डोळे पुसत ऐकत, तिला कुणीतरी मेंबरसाहेबांच्या खोलीत नेऊन उष्टे पुसायला वापरले होते. त्याहून किळसवाणे हे की क्षणभर त्यांना ती युक्ती पटली होती. सही करावी, इर्शाद वाचेल, आणि रविवारी देवळात मान थोडी ताठ करून बसता येईल.

"थोडा वेळ द्या, सर," ते म्हणाले.

"दोनपर्यंत. आपला माणूस म्हणून सांगतो, ताणू नका."

जिन्याच्या वळणावर उभे राहून त्यांनी घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई पहाडगंजच्या मराठी शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. त्यांना थोडक्यात सांगितलेले पुरे.

"म्हणजे तुम्ही सही केलीत तर इर्शाद सुटतो?"

"हो."

"मग अडलंय कुठे? ते खोटं आहे म्हणून, की चर्चमध्ये लोक काय म्हणतील म्हणून?"

खाली पोर्चमध्ये एक गाडी उगाच हॉर्न वाजवत होती.

"दोन्ही आहे, प्रभा."

"अच्छा. मग दुसरं आधी बाजूला काढा. नाहीतर कशाला घाबरताय तेच कळणार नाही तुम्हाला. आणि डबा खाल्लाय का?"

"कुठला डबा घेऊन बसलीस! डब्याचं नाव काढू नकोस आज."

त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "जे कराल ते मला येऊन सांगा. मग मी कुणाला काय सांगायचं ते बघते."

फोन ठेवल्यावर ते खाली आपल्या खोलीत येऊन बसले. लोकांतले नाव बाजूला काढायचे तर आधी ते उचलावे लागणार होते, आणि उचलू गेले तेव्हा त्याखाली काय काय दडले आहे ते दिसू लागले. अकरा वर्षे ते या अतिथिगृहात होते. मेंबरसाहेब हे काही पहिले नव्हते. कितीदा त्यांनी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या दाराने काढल्या होत्या. एकदा एका पाहुण्याने वेटरला थोबाडीत मारली, तेव्हा त्यांनी वेटरलाच समजावले होते. या सगळ्याला ते सौम्यता म्हणत. सेवा म्हणत. 'रणनवरेसाहेब कधी कुणाविरुद्ध बोलत नाहीत,' असे चर्चच्या पाळकांनी एकदा उपासनेत उभे करून सांगितले होते, आणि ते ऐकताना त्यांना बरे वाटले होते. आज त्या बरे वाटण्याची त्यांना शिसारी आली. दुसऱ्याचे पाप उचलून मिरवायला ते निघाले होते, आणि स्वतःचे तिथेच, गालिच्याखाली सरकवलेले पडून होते.

त्यांनी कोरा कागद घेतला आणि हाताने लिहायला सुरुवात केली. पार्सले कुणी, किती वाजता आणली. किचन साडेसातला बंद झाले, किल्ली माझ्याकडे जमा होती. आचारी इर्शाद सात चाळीसला गेटवर सही करून घरी गेला होता. हाडे बारा क्रमांकाच्या खोलीतील बादलीत होती. ती बादली मी स्वतः बाहेर ठेवली. इथपर्यंत हात सरळ चालला. मग बराच वेळ थांबून त्यांनी पुढचा परिच्छेद लिहिला. असे प्रकार यापूर्वीही घडले आहेत, ते मी पाहिले आहेत, आणि वरिष्ठांची गैरसोय होऊ नये म्हणून मी ते लपवले आहेत. या कसुरीबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

हा कागद देवस्थळींच्या हातात दिला असता तर तो संध्याकाळपर्यंत कुठेच नसता. म्हणून रणनवरे दोन प्रती घेऊन आवक विभागात गेले. तिथे शिक्का बसून नंबर पडला की कागद नाहीसा करणे अवघड होते. तीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांना ठाऊक होते. खिडकीमागे रुचिता बसली होती, नागपूरकडची, दोन वर्षांपूर्वी लागलेली.

"सर, हे देवस्थळी सरांकडून येऊ द्या ना," वरच्या चार ओळी वाचून ती म्हणाली.

"कुणीही कर्मचारी थेट आवक करू शकतो, बाळा. नियम आहे."

तिने एकदा मागे पाहिले. मग दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, नंबर घातला आणि एक प्रत परत करताना हळूच म्हणाली, "मी काही वाचलं नाही हं, सर."

तीन वाजता देवस्थळी स्वतः खाली आले. आज पहिल्यांदाच ते उघड्या दारात मराठी बोलले.

"वा, रणनवरे! हुतात्माच व्हायचं होतं तर मी सोयीस्कर निमित्त दिलं होतं की. त्यात इर्शादही वाचला असता आणि मेंबरसाहेबही. आता तुम्ही सगळ्यांना घेऊन बुडालात."

"मी फक्त जे झालं ते लिहिलं, सर."

"स्वतःविरुद्धसुद्धा? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

देवस्थळींनी त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत रागाहून अधिक घृणा होती. स्वच्छ माणसाने घाणेरड्याकडे पाहावे तशी. "उद्यापासून दिल्लीच्या टोकाला, नरेल्याचं रेकॉर्ड गोदाम. ऑर्डर टाइप होतेय. चौकशी लागेल ती वेगळी," ते म्हणाले आणि जिना चढून गेले.

किचनमध्ये इर्शाद रताळी सोलत होता. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. हरियाणातल्या नूहहून रोज दोन बस बदलून येई. रणनवऱ्यांनी त्याला कागद वाचून दाखवला, हिंदीत समजावून सांगितला. इर्शादने सुरी खाली ठेवली.

"मेरा नाम क्यों लिखा, साहब?"

"अरे, यही लिखा है कि तुम यहाँ थे ही नहीं."

"नाम तो आ गया ना. अब ऊपर कोई पढ़ेगा और पूछेगा, ये इर्शाद कौन है."

आपण आभारांची वाट पाहत होतो, हे त्यांच्या लक्षात आले. लिहून झाल्यापासून, किचनमध्ये येईपर्यंत. हातातला कागद त्यांना एकाएकी चिकट वाटू लागला. खोटे बोलले असते तर इर्शादचे नाव कुठेच आले नसते, हे इर्शाद बोलला नाही, पण ते दोघांनाही कळत होते.

"माफ करो, भाई," ते म्हणाले. "ये मैंने सोचा नहीं था."

इर्शादने कागदावरच्या शिक्क्यावर बोट ठेवले. "ये मोहर वाला मुझे दे दीजिए," तो म्हणाला. "कल कोई रास्ते में पकड़े तो दिखाने को कुछ तो हो."

शिक्का मारलेली ती एकच प्रत रणनवऱ्यांजवळ होती. चौकशीत तीच त्यांचा आधार होती. त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि मूळ कागद त्याच्या हातात दिला. इर्शादने हात पुसले, कागदाची चौकोनी घडी घातली आणि आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली. थँक्यू तो म्हणाला नाही, आणि ते बरेच झाले.

तेवढ्यात भिंतीवरच्या फोनची घंटी वाजली. बारा नंबरला लिंबूपाणी हवे होते.

"किसी और को भेजिए, साहब," इर्शाद म्हणाला.

"और कौन है? रात आठ बजे तक मेरी ही ड्यूटी है."

ते ट्रे घेऊन वर गेले. दार उघडेच होते. मेंबरसाहेब पलंगावर पाय पसरून बसले होते, बनियनवर; चेहरा सुजलेला, टिळा घामाने पसरलेला. बंद खिडकीमुळे खोलीत शिळ्या श्वासाचा दर्प कोंडला होता. रणनवऱ्यांना वाटले होते की खरे लिहिल्यावर हा माणूस निदान कीव करण्याजोगा वाटेल. तसे काही झाले नाही. किळस होती तेवढीच होती. त्यांनी श्वास आवरला आणि ग्लास सांडू नये म्हणून दुसऱ्या हातानेही धरला.

मेंबरसाहेबांनी डोळे बारीक करून त्यांच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"वो चिट्ठी तुमने लिखी है?"

"जी. मैंने लिखी है," रणनवरे म्हणाले, आणि ग्लासाखाली बशी ठेवून तो त्यांच्या हाताशी सरकवला.