वरचा आकडा

करड्या रबराचा तो फुगा सिस्टरांच्या मुठीत फुसफुसत होता आणि दंडावरचा पट्टा आवळत आवळत... थांबला. पाऱ्याकडे पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पाहिलंच.

"वरचा आकडा पुन्हा जास्तच," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टर आता शेवटचं बघणार. नाहीतर वैमानिकाचा दाखला यंदा विसरायचा. डोळे मीट, बाई. काहीतरी छान आठव."

डोळे, कान, फुप्फुसं, हृदयाचा आलेख — सकाळपासून सगळं बिनबोभाट पार पडलेलं, आणि आता स्वतःचंच रक्त ऐन वेळी उलटावं! छान म्हणजे काय... बाबांनी तिच्या शाळेच्या शर्टाच्या खांद्यांवर सोनेरी फिती शिवल्या होत्या ते? तेव्हापासून घरात तिला नावाने कुणी हाक मारलीच नाही — कॅप्टन, दूध पी. कॅप्टन, पसारा आवर — आणि मामा तर येता-जाता सलाम ठोकायचा. कानशिलं उडायला लागली. छे, हे नको.

मग, नुसतं करून बघावं म्हणून, तिने दुसरंच चित्र रंगवलं. दाखला नाकारलाय. बाहेर बाकावर बाबा, त्यांचा चेहरा पडतो, तरी म्हणतात, "असू दे गं, तब्येतीपुढे कुणाचं काय चालतं?" घरी कुणी फार बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ती उशिरापर्यंत लोळते, आणि आई दारातून तिला चक्क नावाने हाक मारते... इथे तिचे खांदे आपोआप खाली आले. बोटं ऊबदार झाली. जीव भांड्यात पडतोय माझा — नापास होऊन! हे काय भलतंच? मला तर उडायचंय, हट्ट माझाच होता... की बाबांचा? आठवू गेलं तर सुरुवात सापडेना.

पट्टा आवळला, सैल झाला. डॉक्टरांनी स्वतः पुन्हा मोजलं.

"झकास! उतरला की," ते म्हणाले. "आठवलंस तरी काय?"

"घर," ती म्हणाली. खोटं नव्हतं.

"फिट आहेस. जा, वडिलांना सांग, मघापासून येरझारा घालतायत."

ती बाही खाली ओढत बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, आणि त्याचं तिला फारसं आश्चर्यही वाटलं नाही. शरीर तर पास होऊन मोकळं झालं होतं. आता नाही म्हणायचं झालं तर तिलाच म्हणावं लागणार होतं, आणि तेवढं बळ तिच्यात आहे का, हे इथे कुणी तपासलं नव्हतं.