दोन हजार नऊशे नव्याण्णव दिवसांचा फळा

"सरळ लागलाय का बघा रे. वाकडा फळा वाकडंच मोजेल."

फार वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज चमचे धुणाऱ्या तोयोमावशीचा. ती शिडीवर उभी होती. हातात हातोडी, ओठांच्या कोपऱ्यात खिळा. खाली उभे असलेले पुरुष हसत होते. पण हसताहसता एकाने मला डावीकडून बोटभर वर उचलले. मग ती उतरली, दोन पावले मागे सरली आणि मला नीट न्याहाळून म्हणाली, "आता ठीक."

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. देवदाराच्या एका अखंड फळीतून मला कापून काढले. त्सुबामे गावात मिनेमुरांचा कारखाना आहे. तिथे आम्लाच्या हौदाकडे जाणाऱ्या दाराशेजारी मी टांगलेला असतो. माझ्यावर कोणी खडूने लिहीत नाही. माझ्या छातीवर चार खुंट्या आहेत आणि त्यांवर आकड्यांच्या लाकडी चकत्या अडकवतात. वर काळ्या शाईने लिहिले आहे, 'अपघाताविना गेलेले दिवस'. माझ्या खाली एक टेबल आहे, टेबलावर फोन आहे आणि शेजारच्या भिंतीला मलमाची पेटी आहे. एवढेच माझे जग.

आमच्या गावात घरोघरी चमचे, डाव आणि झारे घडतात. स्टील तापवले, ठोकले, जोडले की ते काळवंडते. मग ते आमच्याकडे येते. जाळीच्या टोपलीत घालून त्याला हौदात बुडवायचे, काढायचे, धुवायचे. वर येते तेव्हा ते चांदण्यासारखे उजळलेले असते. लोक त्या चमच्याने भात-आमटी खातात आणि हौदाची कोणाला आठवण होत नाही.

त्या हौदात जे असते त्याच्याविषयी मी चांगले बोलणार नाही. त्याचे नाव हायड्रोफ्लोरिक आम्ल. कामगार त्याला नुसते 'फ्लोरिक' म्हणतात. दिसायला पाणी, पण ते काच खाते; म्हणून त्याला काचेच्या भांड्यात कधी ठेवत नाहीत. त्याची वाफ छातीत गेली तर फुप्फुसे पोळतात, म्हणून हौदावरचा पंखा बंद असेल तर कोणी आत पाऊल ठेवायचे नसते. इतर आम्ले दारावर लाथ मारून येतात. अंगावर पडली की माणूस किंचाळतो. हे चोरपावलांनी येते. पातळ केलेले असले तर पडल्याचे कळतही नाही. कातडीतून ते शांतपणे आत उतरते, हाडापर्यंत जाते आणि तिथले कॅल्शियम ओरबाडू लागते. फार शिरले तर रक्तातलेही ओढून घेते. मग काळजाचा ठेका चुकतो. दुखायला लागते तेव्हा अर्धा दिवस उलटलेला असतो.

तोयोमावशीच्या नवऱ्याच्या डाव्या हाताची तीन बोटे या हौदाने नेली. हात भिजला त्या दिवशी तो काहीच बोलला नव्हता. दुखत नाही, मग सांगायचे कशाला, असे त्याला वाटले. त्यानंतर तोयोमावशीने मालकाकडे हट्ट धरून मला करवून घेतले. चमचे धुताना ती बायकांना एक गाणेही शिकवायची:

पाण्यावाणी रूप त्याचं, पाण्यावाणी चाल गं,
सकाळी भिजला हात, संध्याकाळी हाल गं.
मोज्यामध्ये फुंक घाल, गालापाशी धर गं,
वारा जिथं शीळ घाली, तिथं त्याचं घर गं.

गाण्यातली गोष्ट खरी होती. रबरी मोजा हातात चढवण्यापूर्वी त्यात फुंकर घालायची, त्याचे तोंड पिळून बंद करायचे आणि फुगलेला मोजा गालाजवळ धरून गप्प उभे राहायचे. सुईएवढे भोक असले तरी गालाला वारा लागतो. दर सकाळी हौदाच्या दारात पाच-सहा माणसे गालाशी पिवळा हात धरून उभी असत. जणू कोणी लाडाने त्यांचे गाल कुरवाळीत होते. मला ते दृश्य फार आवडे.

तेव्हा माझ्या छातीवरचा आकडा कधी मोठा होत नसे. सत्तर झाला की शून्य. दीडशे झाला की पुन्हा शून्य. ज्याला काही झाले असेल तो त्या दिवशी माझ्यासमोर उभा राही आणि सगळे सांगे: कुठला मोजा, कुठली टोपली, लक्ष कुठे होते. बाकीचे खाली बसून ऐकत. तोयोमावशी चहा ओती, बांबूच्या पानातले लाडू वाटी. कोणी कोणाला बोल लावत नसे. शून्याची लाज कोणाला नव्हती. शून्याच्या दिवशी माणसे एकमेकांकडे नीट पाहत, एवढेच.

मग तोयोमावशी थकली, घरी बसली, आणि एका हिवाळ्यात वारली. कुमाकुरा नावाचा नवा मुकादम आला. त्याने मला खाली उतरवून तेल पाजले, अक्षरे पुन्हा गिरवली. माझा असा मान कोणी केला नव्हता. खोटे कशाला बोलू, मी सुखावलो. आकडा वाढू लागला. हजार दिवस झाले तेव्हा शुभ प्रसंगी करतात तो लाल दाण्यांचा भात शिजला. दोन हजार झाले तेव्हा बाहेरगावचे पाहुणे आले, माझ्याशेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढले आणि मालकांनी कुमाकुराच्या पाठीवर थाप मारली.

त्या थापेने मुकादम बदलला. की मीच त्याला बदलले? अजून मला ते ठरवता येत नाही.

त्याने मोठ्याने बोलण्याची रीत कडक केली. बोट दाखवायचे आणि ओरडायचे: "पंखा, ठीक! झाकण, ठीक! हातमोजा, ठीक!" रीत जुनी आणि चांगली आहे, डोळे, बोट आणि जीभ एकत्र आली की चूक कमी होते. पण कुमाकुराला ती खणखणीत हवी होती आणि झटपट हवी होती. पाहुण्यांना तिचे कौतुक वाटे. हळूहळू बोट पुढे जाऊ लागले आणि डोळे मागे राहू लागले. गालाशी मोजा धरून गप्प उभे राहायला वेळ उरला नाही. हौदावरचा सर्वांत जुना माणूस नागुमो. तो एकटा अजून फुंकर घालायचा. एके दिवशी कुमाकुरा सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "काय नागुमो, जत्रेत फुगे विकायचेत का?" सगळे हसले. नागुमोही हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याने फुंकर घालणे सोडले.

आणि मलमाची पेटी. त्या पेटीत कॅल्शियमचे मलम असते. फ्लोरिक आत शिरले की त्याला हाडाआधी हे कॅल्शियम खायला द्यायचे, म्हणजे हाड वाचते. कुमाकुराने पेटीला कागदाची मोहोर लावली. मोहोर तुटली म्हणजे अपघात झाला, आणि अपघात झाला म्हणजे मी शून्य. पावणेतीन वर्षे ती मोहोर कोणी तोडली नाही. या पावणेतीन वर्षांत कोणाचा हात भिजलाच नाही, असे तुम्हाला वाटते का? मी पाहिले आहे. माणसे पेटीपर्यंत येत, मोहोर पाहत, मान वर करून मला पाहत आणि परत जात.

दोन हजार नऊशे अठ्ठ्याण्णवावा दिवस. तीन हजाराच्या दिवशी मोठा समारंभ होता. मालकीणबाईंनी भातासाठी लाल दाणे आणून ठेवले होते. बाहेर बर्फ पडत होते. सकाळी दहाच्या सुमारास डावांची एक टोपली हौदात अडकली, म्हणून नागुमोने कोपरापर्यंत हात घालून ती सोडवली. मोज्यात ओले लागले. त्याला वाटले, घाम असेल. चहाच्या सुट्टीत मोजा काढला, तेव्हा हात बोटांपासून मनगटापर्यंत भिजलेला होता.

त्या घटकेला काय करायला हवे होते, ते माझ्या पाठ आहे, मित्रांनो. धावत नळ गाठायचा, वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, भिजलेले कपडे काढून टाकायचे. स्वच्छ मोजा घातलेल्या दुसऱ्या कोणीतरी मलम चोळायचे आणि चोळत राहायचे. आणि दुखत असो वा नसो, आम्लाचे नाव कागदावर लिहून दवाखान्यात जायचे. एवढेच. एका श्वासात सांगून होते.

नागुमो पेटीसमोर आला. त्याने मोहोरेला हात लावला. मागून कुमाकुरा आला.

"दुखतंय?"

"अजून नाही."

"मग झालं तर. नळाखाली धर जरा आणि गप राहा. परवा तीन हजार होतायत."

"आणि दुखलं तर?"

"घरी किटली सांडली म्हणायचं. किटली कुणाच्या घरी नसते?"

नागुमोने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत मुकादमाची भीती नव्हती. आठ वर्षे सगळ्यांनी मिळून उभारलेले एकट्याने पाडायचे, याची लाज होती. ती लाज मी त्याला दिली होती. त्याने हात पुसला, मूठ मिटली आणि तो हौदाकडे परतला. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त आकडे दिलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागुमो आला नाही. कुमाकुराने स्वतः चकती बदलली. दोन हजार नऊशे नव्याण्णव. सगळे रांगेत उभे होते, इतक्यात दार उघडले आणि नागुमोची बायको किनुए आत आली. ही मासळीबाजारात सुरी चालवणारी बाई. तिच्या बुटांवर बर्फ होते.

"मुकादम," ती म्हणाली, "आमच्या घरी किटली नाही. बारा वर्षं झाली, आम्ही विजेच्या भांड्यातलं गरम पाणी पितो."

कोणी हसले नाही.

मग तिने सांगितले. संध्याकाळपासून नवऱ्याने टॉवेल दातांत धरला होता. बोटांची टोके मेणासारखी पांढरी पडली होती, नखांखाली राखेचा रंग चढला होता. पहाटे ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, पाण्याने भाजलेला हात असा दिसत नाही आणि असा दुखत नाही. तीनदा विचारले, तीनदा तो 'किटलीतलं पाणी' म्हणाला. कशाने झाले ते कळल्याशिवाय योग्य औषध देता येत नाही. आणि उशीर झाला तर बोटे राहतील की नाही, ते डॉक्टरही सांगायला तयार नव्हते.

"वहिनी, कामाची वेळ आहे," कुमाकुरा म्हणाला. "आपण बाहेर बोलू."

"बाहेर बर्फ आहे. इथंच बोला."

"इथं काही झालेलं नाही. वर आकडा बघा की."

तिने मान वर केली. इतकी वर्षे माझ्याकडे कौतुकाने पाहणारे डोळेच मला माहीत होते. असा द्वेष मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो माझ्या वाट्याचाच होता.

"ह्याला बोटं नाहीत," ती म्हणाली, "म्हणून ह्याचं बरं चाललंय."

रांगेतली माणसे बुटांकडे पाहत होती. कुमाकुरा म्हणाला, घरची भांडणे कारखान्यात आणू नयेत. ती म्हणाली, मासा कापताना काटा कुठे आहे ते तिला न पाहता कळते, आणि आत्ताही कळते आहे. तो म्हणाला, तिचाच नवऱ्याच्या शब्दावर विश्वास नसेल तर मुकादम काय करणार. तेव्हा ती टेबलापाशी आली. तिने फोन उचलला, हातावर लिहून आणलेला आकडा फिरवला आणि डॉक्टरांना बोलवायला सांगितले. डॉक्टर फोनवर आले. तिने फोन तसाच हात लांब करून मुकादमासमोर धरला.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना सांगा."

मित्रांनो, मी लाकूड आहे. तुमच्या शाळेत, तुमच्या कारखान्यात, तुमच्या घरातही माझी भावंडे असतील. कुठे शंभरपैकी गुण असतील, कुठे ढाल असेल, कुठे भिंतीवरचे प्रशस्तिपत्र. त्यांना तेल पाजा, पुसा, पण त्यांच्यासाठी कोणाचा हात गप्प ठेवू नका. माझ्यावर शून्य लागले म्हणून मी कधी मोडलो नाही. शून्याच्या चकतीचे वजनही बाकीच्या चकत्यांएवढेच असते.

फोनमधून डॉक्टरांचा बारीक आवाज येत होता: हॅलो, हॅलो, कोण बोलतंय? किनुएने लांब केलेला हात खाली घेतला नाही. कुमाकुराने एकदा रांगेकडे पाहिले, एकदा हौदाकडे. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. त्याने फोन घेतला.

"मिनेमुरा कारखान्याचा मुकादम कुमाकुरा बोलतोय. नागुमोचा हात पाण्यानं भाजलेला नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल आहे, पातळ केलेलं. काल सकाळी दहा वाजता, मनगटापर्यंत." त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला. "आणि डॉक्टर, त्याच्या मोज्याला भोक होतं. मला ते आदल्या दिवशीच दिसलं होतं. मी कुणाला बोललो नाही."