शालनताईंचं अर्धं वाक्य

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसलात की गोष्ट निम्मीच पोचते. आजची गोष्ट पुराणातली नाही, आपल्या तुर्भ्याच्या एमआयडीसीतली आहे. देव तिच्यातही आहे, कुठे ते तुमचं तुम्हाला सापडेल.

तुर्भ्याला सलाईनच्या नळ्या बनवणारी एक कंपनी आहे. तिथे नव्या बायकांना शिकवायचं काम शालनताईंकडे. मूळच्या कोरेगावकडच्या, बावीस वर्षं याच कामात मुरलेल्या. नळीचे दोन तुकडे रसायनाच्या एका थेंबाने सांधायचे, आत हवा भरायची आणि सांधा पाण्यात बुडवून धरायचा. बुडबुडा आला की नळी बाद. काम एवढंच. पण त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खाटेवर पडलेलं असतं.

आणि तेच बिघडलं होतं. नव्या बायकांच्या हातून गळकी नळी पुढे जायची, मग बोलणी खायची. मागच्या पाचजणींतल्या चौघी महिन्याच्या आत सोडून गेल्या.

"ताई, टेन्शन घेऊ नका," सुपरवायझर विश्वजित म्हणाला, म्हणजे घ्यायलाच हवं होतं. "हेड ऑफिसच्या प्रियदर्शिनी मॅडम महिन्याने येतायत. या तीन नव्या जणींना तपासणार. जमलं तर तिघी कायम. नाहीतर तिघींना नारळ, आणि ट्रेनिंग बाहेरच्या एजन्सीला."

"आणि मी?"

"तुम्ही परत पॅकिंगला."

पॅकिंगची शालनताईंना लाज नव्हती. पण त्या तिघींतली उत्कर्षा करंजाड्याहून दोन बस बदलून यायची, घरात एकटी कमावती. तिला घरी कसं पाठवायचं?

शिकवायची पद्धत ठरून गेलेली. पहिल्या दिवशी मीटिंग रूममध्ये चार तास पडद्यावर सगळं दाखवायचं आणि शेवटी विचारायचं, "समजलं का?" सगळ्या एका सुरात "हो". खाली सही. उत्कर्षाचा "हो" तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच.

"अगं, मला विचारू तरी दे!" शालनताई म्हणायच्या.

त्या शनिवारी संध्याकाळी शिरवण्याच्या देवळात कीर्तन होतं. बुवा अर्धा चरण म्हणून थांबत, उरलेला टाळकऱ्यांसकट अख्खा मंडप पुरा करी. एका जागी मंडपाचा आवाज लटपटला. बुवा रागावले नाहीत, की समजलं का म्हणून विचारलंही नाही. गालात हसले, मागे फिरले, ध्रुपद घेतलं आणि पुन्हा त्याच जागी येऊन थांबले. या खेपेला मंडप गरजला.

शालनताईंची टाळी हवेतच राहिली. "अगं बाई! मी थांबतच नाही कधी."

सोमवारी त्यांनी एकच गोष्ट बदलली. "समजलं का" बंद.

"सांधा पाण्यात धरायचा, आणि..." त्या थांबल्या.

"हो," उत्कर्षा म्हणाली.

"हो काय? पुढचं तू बोल."

शेजारची ज्ञानेश्वरी चाचरत म्हणाली, "आणि बुडबुडा बघायचा?"

"किती वेळ?"

चार तास पडदा बघूनही कुणाला सांगता येईना. शालनताई हसल्या आणि बुवांसारख्या मागे फिरून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात पडदाच गेला. रोज काम सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं, टेबलापाशी, एकच गोष्ट. हे काही त्यांना नवं सुचलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी याच कंपनीत शिरवणे गावातल्या शकुबाई त्यांना शेजारी बसवून असंच शिकवायच्या. "आज येवराच, पोरी. पानी बग, दहा मोज, मंग बोल." उद्याचं उद्या.

तिसऱ्या आठवड्यात मात्र शालनताईंना जोर चढला. एकाच दिवशी बसायच्या जागा बदलल्या, कामाचा क्रम बदलला, वर हाताला घड्याळं दिली. त्या दिवशी चाळीस गळक्या नळ्या पुढे गेल्या, आणि कशामुळे ते कुणाला सांगता येईना.

"ताई, कीर्तन जरा जास्तच रंगलं," विश्वजितने चिमटा काढला.

"रंगलं खरं," त्या म्हणाल्या आणि सगळं होतं तसं करून ठेवलं. मग एकेक बदल परत आणला. खोट जागांत निघाली. नव्या जागी खिडकीचा उजेड पाण्यावर चमकायचा नि बुडबुडा दिसायचाच नाही. टेबल उजेडाकडे पाठ करून लावलं. महिना भरता भरता गळकी नळी क्वचितच पुढे जाऊ लागली.

मॅडम आल्या. तिघींचं काम बघितलं, मग उत्कर्षाजवळ थांबल्या. "सगळं समजलंय ना?"

उत्कर्षाने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "नाही मॅडम."

विश्वजितने डोळे मिटून घेतले.

"भिंतीवरच्या कागदावर पाच मोजा म्हणून लिहिलंय. ताई दहा मोजायला लावतात. खरं कुठलं?"

मॅडम शालनताईंकडे वळल्या. "मला शकुबाईंनी दहा शिकवले," शालनताई शांतपणे म्हणाल्या. "का ते मी त्यांना कधी विचारलं नाही. हिने विचारलं. आत्ताच बघू या की."

बाद नळ्यांतल्या दहा काढल्या. उत्कर्षा एकेक पाण्यात धरून मोठ्याने मोजू लागली. सात नळ्यांचा बुडबुडा पाचाच्या आत आला. उरलेल्या तीन नळ्यांचा सहाला, सातला, आणि एकीचा चक्क नऊला. कागद नीट वाचला, तर तो जुन्या बारक्या नळीचा निघाला. ती नळी बनणं कधीच बंद झालं, कागद तेवढा चिकटून राहिला होता. एवढ्या वर्षांत किती जणींनी तो वाचून "हो" म्हटलं असेल!

मॅडमनी तो स्वतःच्या हाताने काढला. "तिघी राहतील. आणि ताई, बाकीच्या दोन लाईन्सनाही तुम्हीच शिकवा."

"शिकवते. पण एका वेळी एकच लाईन."

शकुबाई आज नाहीत. त्यांचं नाव कुठल्या सर्टिफिकेटवर नाही, भिंतीवर फोटो नाही. तर बाबांनो, बायांनो, एवढं मागणं आहे. कधी आपल्या माणसाच्या उशाशी बसलात आणि नळीतून थेंब थेंब उतरताना दिसला, तर मनातल्या मनात एक ते दहा मोजा, आणि आमच्या शकुबाईंची आठवण काढा.